उमेदवार खोटे बोलतो हा एक प्रश्न, त्याचे डोके ठिकाणावर आहे का हा दुसरा. मग दोन्ही एकत्र का विचारले जातात?

मांजराकाठ (लातूर), धागाकर्ता

अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांनी जून २०१५ मध्ये अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली, तेव्हापासून त्यांच्याविषयी दोन प्रश्न एका दमात विचारले जात आहेत. हा माणूस खरे बोलतो का, आणि याचे डोके ठिकाणावर आहे का? वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने त्यांच्या पहिल्या कारकिर्दीतील खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या विधानांची नोंद ठेवली आणि चार वर्षांअखेर तो आकडा ३०,५७३ असल्याचे सांगितले. त्याच काळात काही मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना प्रत्यक्ष न तपासता त्यांच्या मनाविषयी जाहीर मते दिली. जानेवारी २०१८ मध्ये व्हाइट हाउसच्या डॉक्टरांनी घेतलेल्या बोधनक्षमतेच्या चाचणीत त्यांना ३० पैकी ३० गुण मिळाले. समर्थकांनी तो निकाल मिरवला, विरोधकांनी तो उडवून लावला आणि दोघांचीही मते होती तिथेच राहिली.

पुढे हेच अस्त्र दुसऱ्या बाजूला लागले. २७ जून २०२४ च्या वादचर्चेत जो बायडन वाक्ये अर्धवट सोडू लागले, तेव्हा त्यांच्याच पक्षात कुजबुज सुरू झाली आणि २१ जुलै रोजी त्यांनी माघार घेतली.

माझे मत असे आहे की हे दोन प्रश्न एकत्र करण्यात मतदाराचेच नुकसान होते. खोटेपणा तपासायला डॉक्टर लागत नाही, कागद लागतो. जे बोलला ते आणि जे घडले ते शेजारी ठेवले की पुरे. परंतु आपण एकदा ‘हा वेडाच आहे’ असे म्हणून टाकले की जाब विचारण्याची गरजच संपते, कारण आजारी माणसाला कोणी जाब विचारत नाही. खोटे बोलणारा त्यामुळे सुटतो आणि खरोखर आजारी असलेला बदनाम होतो. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या गटापासून लोकसभेपर्यंत हा अनुभव कोणाला आला आहे का, आणि आपला कायदा या दोन गोष्टींकडे कसा पाहतो, हे जाणकारांनी सांगावे.

बालाघाटचा_वारा (बीड)

आपल्या भागातील उमेदवारांची स्मरणशक्ती तपासायला चाचणीची आवश्यकता नाही. निवडून आल्यावर ती जाते आणि पाच वर्षांनी आपोआप परत येते.

वकील_नांदेडकर (नांदेड)

धागाकर्त्यांनी कायद्याविषयी विचारले आहे म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्या कायद्याने हे दोन प्रश्न स्पष्टपणे वेगळे ठेवले आहेत.

मानसिक स्वास्थ्याविषयी राज्यघटनेच्या अनुच्छेद १०२ व १९१ मध्ये तरतूद आहे. त्यानुसार मनोविकल व्यक्ती संसदेची किंवा विधिमंडळाची सदस्य होण्यास अपात्र असते, मात्र सक्षम न्यायालयाने तसे घोषित केलेले असले पाहिजे. म्हणजे विरोधकाचे भाषण, वृत्तवाहिनीवरील तज्ज्ञ किंवा गावकऱ्यांची खात्री यांपैकी कशालाही कायद्याच्या दृष्टीने किंमत नाही. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात असेही म्हटले आहे की एखाद्याला मानसिक आजार असल्याचे निदान झाले, एवढ्यावरून तो मनोविकल आहे असे मानता येत नाही. नैराश्याच्या गोळ्या घेणारा मनुष्य निवडणूक लढवू शकतो आणि ते योग्यच आहे.

खरेपणाचा मार्ग निराळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी निर्णय दिला की उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाणून घेण्याचा मतदाराला अधिकार आहे. संसदेने कायद्यात बदल करून तो अधिकार आखडता घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. तेव्हापासून नमुना २६ मधील शपथपत्र उमेदवाराच्या मानगुटीवर बसले आहे. त्यात खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५क खाली गुन्हा असून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. हा कायदा शपथेवर लिहिलेल्या खोट्याला लागू होतो. सभेत ‘दोन वर्षांत तुमच्या शेताला पाणी आणतो’ असे सांगणारा उमेदवार या कलमात सापडत नाही.

पाटोद्याचा_पाटील (बीड)

धागाकर्त्यांशी मी सहमत नाही. शिकलेल्या मंडळींना वाटते की ट्रम्प खोटे बोलतात हे त्यांच्या मतदारांना कळतच नाही. त्यांना ते कळते. आमच्याकडे बोअर घेण्यापूर्वी पाणाड्या बोलावतात. तो नारळ तळहातावर उभा धरून शंभर गोष्टी सांगतो, त्यांतल्या नव्वद थापा आहेत हे शेतकऱ्याला ठाऊक असते, तरीही तो त्याला बोलावतो, कारण बाकी कोणी त्याच्या रानात फिरकायलाही तयार नसते. मतदार पुढाऱ्याकडेही तसाच पाहतो. हा आपल्यासाठी भांडेल का, एवढेच तो तपासतो. ज्यांच्या खरेपणाची प्रमाणपत्रे वर्तमानपत्रे देतात, ते त्याच्या दारात कधी आलेले नसतात.

त्या ३०,५७३ च्या आकड्याविषयीही बोलले पाहिजे. त्यात एकच विधान जितक्या वेळा उच्चारले तितक्या वेळा मोजलेले आहे आणि निव्वळ फुशारकीही त्यात आहे. ‘माझ्याइतके काम कोणीच केले नाही’ हे वाक्य मोजायचे ठरवले तर आमच्या तालुक्यातील एकही सत्कार समारंभ कोरडा जाणार नाही.

मांजराकाठ (लातूर)

पाटीलसाहेब, पुनरुक्ती मोजली हे खरे आहे आणि त्या वृत्तपत्राने ते लपवलेले नाही. चुकीचे आहे असे पुराव्यानिशी दाखवून दिल्यानंतरही तेच विधान पुन्हा करणे ही मला पहिल्यापेक्षा गंभीर गोष्ट वाटते. पहिल्या वेळी गैरसमज असू शकतो, पन्नासाव्या वेळी तो असू शकत नाही. पाणाड्याबाबत एकच विचारतो. पाणी लागले नाही तर बोअरचा खर्च कोण भरतो?

पाटोद्याचा_पाटील (बीड)

शेतकरीच भरतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात दुसरा पाणाड्या बोलावतो. निवडणुकीचा अर्थ याहून वेगळा आहे असे मला वाटत नाही.

मनोवैद्य (छत्रपती संभाजीनगर)

मी गेली अनेक वर्षे मानसोपचाराचा व्यवसाय करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो.

१९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर हे रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार होते. त्यांची भाषा जहाल होती आणि अण्वस्त्रांविषयीची त्यांची वक्तव्ये ऐकून अनेकांना धडकी भरत असे. न्यूयॉर्कच्या एका नियतकालिकाने देशातील १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना पत्र पाठवून विचारले की हा गृहस्थ अध्यक्ष होण्यास मानसिकदृष्ट्या योग्य आहे काय. २,४१७ जणांनी उत्तरे पाठवली. त्यांपैकी १,१८९ जणांनी ‘अयोग्य’ असे सांगितले, ६५७ जणांनी ‘योग्य’ असे सांगितले आणि ५७१ जणांनी आपल्याला पुरेशी माहिती नाही असे कळवले. माझ्या दृष्टीने व्यवसायाची लाज त्या ५७१ जणांनी राखली. बाकीच्यांपैकी काहींनी त्या माणसाच्या बालपणापर्यंत जाऊन निदाने लिहिली होती, आणि तीही त्याला एकदाही न भेटता.

गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण बदनामीचा दावा जिंकले. १९६८ मध्ये ज्यूरीने नुकसानभरपाई म्हणून एक डॉलर आणि दंडात्मक भरपाई म्हणून ७५,००० डॉलर मंजूर केले. त्यानंतर १९७३ मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या आचारसंहितेत नियम घातला की स्वतः तपासणी केल्याशिवाय आणि त्या व्यक्तीची अनुमती असल्याशिवाय कोणत्याही सार्वजनिक व्यक्तीविषयी व्यावसायिक मत देऊ नये.

हा नियम डॉक्टरांच्या सोयीसाठी नाही, रुग्णांच्या भल्यासाठी आहे. दूरचित्रवाणीवर एखादा डॉक्टर राजकारण्याला ‘मनोरुग्ण’ म्हणतो, तेव्हा ते ऐकणारा माझा रुग्ण दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद करतो. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या भागातील कितीतरी माणसे प्रथमच मानसोपचारतज्ज्ञासमोर बसली, आणि तरीही ‘वेड्यांचा डॉक्टर’ ही आमची ओळख आजतागायत पुसली गेलेली नाही.

गोदातीर (पैठण)

डॉक्टरसाहेबांविषयी आदर ठेवून विरोध नोंदवते. तुमचा रुग्ण तुमच्यासमोर अर्धा तास बसतो. ट्रम्प किंवा बायडन यांचे शेकडो तासांचे बोलणे, चालणे, चिडणे आणि विसरणे सगळ्या जगासमोर आहे. तपासणीच्या खोलीत माणूस सावरून बसतो, सभेत तो जसा आहे तसा दिसतो. जाणकाराला धोका दिसत असेल आणि तो नियमाकडे बोट दाखवून गप्प बसत असेल, तर त्याच्या ज्ञानाचा समाजाला उपयोग काय? बायडन यांच्याबाबत हेच झाले. जवळच्यांनी शेवटपर्यंत ‘सर्व काही ठीक आहे’ असे सांगितले, आणि मग नव्वद मिनिटांत कोट्यवधी लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

मनोवैद्य (छत्रपती संभाजीनगर)

ताई, तुमच्या उदाहरणातच माझे उत्तर आहे. त्या नव्वद मिनिटांत लोकांनी जे पाहिले, त्यासाठी त्यांना डॉक्टर लागला नाही. ‘हा मनुष्य प्रश्नाचे उत्तर पूर्ण करू शकत नाही’ हे निरीक्षण कोणीही करावे. ‘याला अमुक आजार आहे’ हे निदान मात्र मी दुरून करू शकत नाही, कारण थकवा, सर्दी, औषधाचा परिणाम, श्रवणदोष आणि स्मृतिभ्रंश यांची बाह्य लक्षणे पुष्कळदा सारखी असतात. सभेत माणूस जसा आहे तसा दिसतो, हेही मला मान्य नाही. सभेत तो सर्वांत जास्त अभिनय करतो.

त्या ३० गुणांच्या चाचणीविषयीही सांगून टाकतो, कारण तिच्याबद्दल फार गैरसमज आहेत. ती साधारण दहा मिनिटांची असते. घड्याळाचे चित्र काढायचे, प्राण्यांची नावे सांगायची, पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने पुन्हा म्हणायचे, असे तिचे स्वरूप आहे. २६ किंवा त्याहून अधिक गुण मिळाले तर सहसा चिंता नसते. स्मृतिभ्रंशाची सुरुवात पकडण्यासाठी ती तयार झाली. विवेक, संयम, दया किंवा प्रामाणिकपणा यांतले काहीही ती मोजत नाही. पैकीच्या पैकी गुण मिळवणारा मनुष्य अट्टल लबाड असू शकतो, किंबहुना लबाडीला स्मरणशक्ती चांगलीच लागते.

बालाघाटचा_वारा (बीड)

शेवटच्या वाक्यामुळे माझ्या पहिल्या प्रतिसादाला वैद्यकीय आधार मिळाला. डॉक्टरांचे आभार.

सध्या_मिशिगन (मूळ परभणी)

मी ज्या राज्यात राहतो, त्याने २०१६ मध्ये ट्रम्प यांना, २०२० मध्ये बायडन यांना आणि २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प यांना निवडले. म्हणजे माझ्या शेजारीपाजारी अशी माणसे आहेत ज्यांनी दोघांनाही मते दिली आहेत. त्यांच्याशी बोलताना जाणवले ते असे की खरेपणा आणि स्वास्थ्य हे दोन्ही प्रश्न लोक समोरच्या उमेदवाराबाबतच विचारतात. ट्रम्प यांना मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने व्यवसायाच्या नोंदी खोट्या केल्याच्या ३४ आरोपांत दोषी ठरवले. त्यांच्या मतदारांनी त्याला राजकीय सूड म्हटले. बायडन यांना १९८७ मध्ये एका ब्रिटिश नेत्याच्या भाषणाची उचलेगिरी केल्याच्या आरोपावरून अध्यक्षपदाच्या शर्यतीतून बाहेर पडावे लागले होते, हे त्यांच्या मतदारांपैकी फारच थोड्यांना आठवते. वय वाढले तेव्हाही तेच झाले. २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत ‘एवढे वय झालेला मनुष्य नको’ म्हणणाऱ्यांनी जानेवारी २०२५ मध्ये ७८ व्या वर्षी शपथ घेणारा, शपथविधीच्या वेळी आजवरचा सर्वांत वयोवृद्ध ठरलेला अध्यक्ष निवडला.

परभणीला गेलो की मला विचारतात, ‘काय हो, तुमच्याकडे वेडा निवडून आला म्हणे?’ मी सांगतो की तो वेडा असता तर तीनदा उमेदवारी मिळवून दोनदा निवडून आला नसता. त्याच्या खरेपणाविषयी विचाराल तर चहा मागवा, वेळ लागेल.

जिंतूरची_शिक्षिका (परभणी)

या चर्चेत ज्यांचा आजार खरा होता, त्यांचे काय झाले हेही पाहावे असे वाटते. १९७२ मध्ये अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी उपाध्यक्षपदासाठी सिनेटर थॉमस ईगलटन यांची निवड केली. पुढे उघड झाले की ईगलटन यांनी पूर्वी नैराश्यासाठी तीनदा रुग्णालयात उपचार घेतले होते आणि त्यांत विजेचे झटकेही होते. मॅकगव्हर्न यांनी प्रथम त्यांना हजार टक्के पाठिंबा जाहीर केला, आणि मग उमेदवारीच्या अठराव्या दिवशी त्यांना बाजूला व्हावे लागले. तेच ईगलटन त्यानंतर दोनदा सिनेटवर निवडून आले आणि १९८७ पर्यंत त्यांनी काम केले. ज्यांना ते जवळून ठाऊक होते त्या त्यांच्या राज्यातील मतदारांना त्यांच्यात काही कमी दिसले नाही.

याच्या उलट नॉर्वेचे पंतप्रधान शेल मॅग्ने बोन्देविक यांनी १९९८ मध्ये पदावर असतानाच नैराश्यामुळे रजा घेतली आणि कारण उघडपणे सांगितले. काही आठवड्यांनी ते कामावर परतले, आणि २००१ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले.

मला यात प्रामाणिकपणाचा आणि स्वास्थ्याचा संबंध दिसतो, आणि तिथे माझे धागाकर्त्यांशी थोडे वेगळे मत आहे. हे प्रश्न दोन आहेत हे खरे, परंतु आपण आजाराला ज्या रीतीने वागवतो, त्यातून खोटे जन्माला येते. आमच्या गावात एका उमेदवाराच्या पत्नीने शेजारणींना सांगितले होते की साहेब ‘बीपीसाठी’ पुण्याला जातात. साहेब कशासाठी जात होते हे सर्वांना ठाऊक होते. त्यांनी खरे सांगितले असते तर विरोधकांनी प्रचाराच्या गाडीवरून ते गावभर वाजवले असते.

वकील_नांदेडकर (नांदेड)

ताईंच्या शेवटच्या वाक्यावरून आठवले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ (४) नुसार, उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी खोटे विधान, ते खरे असल्याचा विश्वास नसताना प्रसिद्ध करणे आणि त्यायोगे त्याच्या निवडून येण्याच्या संधीला बाधा येण्यासारखी असणे, हा भ्रष्ट आचार आहे. तो विजयी उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी केल्याचे सिद्ध झाले तर निवडणूक रद्द होऊ शकते. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. विरोधकाला वेडा ठरवणारी पत्रके वाटणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे.

छाननीचा_साक्षीदार (हिंगोली)

मी शासकीय सेवेत असून निवडणुकीच्या कामाचा मला चांगला अनुभव आहे. शपथपत्राविषयी वकीलसाहेबांनी जे लिहिले ते कायद्याचे चित्र आहे. कार्यालयातील चित्र असे असते.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनची वेळ गाठण्यासाठी उमेदवार धावत येतात. बाहेर ढोल वाजत असतो आणि आत मुद्रांक, नोटरी, सूचकांच्या सह्या, अनामत रक्कम व पक्षाच्या उमेदवारीचा बी फॉर्म यांची जुळवाजुळव चाललेली असते. शपथपत्रातील एकही रकाना कोरा सोडता येत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे की सूचना देऊनही रकाने कोरे ठेवले तर अर्ज फेटाळता येतो. त्यामुळे ‘निरंक’ आणि ‘लागू नाही’ हे शब्द तिथे सढळ हाताने लिहिले जातात. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला रकाना भरला आहे की नाही हे पाहता येते. भरलेले खरे आहे की नाही, याची चौकशी छाननीच्या वेळी होत नाही, आणि माहिती खोटी असल्याच्या कारणावरून त्या टप्प्यावर अर्जही फेटाळला जात नाही. कोणाला ते खोटे वाटत असेल तर त्याने पुरावा घेऊन न्यायालयात जावे.

मग ते शपथपत्र सूचना फलकावर लागते आणि संकेतस्थळावरही चढते. फलकासमोर मी ज्यांना उभे पाहिले आहे ते पत्रकार, विरोधी उमेदवारांचे कार्यकर्ते आणि उमेदवाराचे भाऊबंद. भाऊबंद सर्वांत बारकाईने वाचतात, कारण वाटणीतली कोणती जमीन कोणाच्या नावावर दाखवली आहे हे त्यांना पाहायचे असते. सामान्य मतदार तिथे मला क्वचितच दिसला. ज्या अधिकारासाठी माणसे सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली, तो कागद पावसाने भिजून फलकावरून गळून पडतो.

पाटोद्याचा_पाटील (बीड)

भाऊबंदांचे अगदी खरे आहे. आमच्याकडे एका उमेदवाराचा पराभव विरोधकाने केला नाही, चुलतभावाने केला.

जुना_वाचक (उदगीर)

पूर्वी एवढे कागद नव्हते, तरीही माणसांना चाड होती. १९८६ मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी, मुलीच्या एम. डी. परीक्षेतील गुणांच्या प्रकरणात न्यायालयाचे ताशेरे आल्यानंतर, पद सोडले. त्यांच्या जागी आले तेही मराठवाड्याचेच शंकरराव चव्हाण, ज्यांना लोक ‘हेडमास्तर’ म्हणत. त्यांच्या कडकपणाविषयी अधिकारी तक्रार करत, खरेपणाविषयी फारशी कोणी केली नाही. आज ताशेरे आले तर पुढारी त्याच संध्याकाळी सत्कार घेतो.

गोदातीर (पैठण)

काका, शंकररावांविषयी आम्हा जायकवाडीकाठच्या लोकांना वेगळे सांगायला नको. परंतु ‘पूर्वी चाड होती’ या विधानाला मर्यादा आहेत. पूर्वी बातमी बाहेर येत नसे, हेही एक कारण होते. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना ऑक्टोबर १९१९ मध्ये पक्षाघाताचा मोठा झटका आला. त्यांची पत्नी आणि डॉक्टर यांनी आजाराचे खरे स्वरूप जनतेपासून लपवले, कोणता कागद त्यांच्यापुढे जायचा हे पत्नी ठरवत असे, आणि मार्च १९२१ पर्यंत ते पदावर राहिले. तो काळही चाड असलेल्या माणसांचाच समजला जातो.

सध्या_मिशिगन (मूळ परभणी)

विल्सन यांचा अनुभव असूनही अमेरिकेला व्यवस्था करायला १९६७ साल उजाडले. तेव्हा झालेल्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळाचे बहुमत यांनी लेखी कळवले की अध्यक्ष काम करण्यास असमर्थ आहे, तर अधिकार उपाध्यक्षाकडे जातात. अध्यक्षाने हरकत घेतली आणि उपाध्यक्ष व मंत्री आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले तर प्रश्न संसदेपुढे जातो, आणि त्याला दूर ठेवण्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. अध्यक्षाच्या इच्छेविरुद्ध ही तरतूद आजवर एकदाही वापरली गेलेली नाही. ज्यांना अध्यक्षाने नेमले त्यांनीच त्याला असमर्थ ठरवायचे, ही अपेक्षाच अवघड आहे. शिवाय ती पदावरील माणसासाठी आहे, उमेदवारासाठी नाही.

मांजराकाठ (लातूर)

चर्चा उत्तम चालली आहे, म्हणून मूळ प्रश्नाचा एक धागा पुन्हा हातात घेतो. नमुना २६ मध्ये मालमत्ता आहे, गुन्हे आहेत, देणी आहेत, शिक्षण आहे, परंतु आरोग्याविषयी एकही रकाना नाही. तो असावा का? शिक्षिकाताईंचे म्हणणे मला पटते की बदनामीच्या भीतीने लोक लपवतील. पण मतदाराच्या बाजूने पाहिले तर पाच वर्षांसाठी ज्याच्या हाती कारभार द्यायचा, तो निदान फाइल वाचून समजून घेऊ शकतो, एवढे तरी कळायला नको का?

वकील_नांदेडकर (नांदेड)

न्यायालयाच्या अलीकडच्या दृष्टिकोनावरून असा रकाना टिकणे अवघड दिसते. एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की उमेदवाराने आपले सारे आयुष्य मतदारापुढे उघडे करावे अशी अपेक्षा करता येणार नाही, जे त्याच्या उमेदवारीशी संबंधित नाही ते खासगी ठेवण्याचा त्याला अधिकार आहे. तो वाद जंगम मालमत्तेच्या तपशिलाचा होता, आरोग्याचा नव्हता. तरीही आरोग्य मालमत्तेपेक्षा अधिक खासगी आहे असा युक्तिवाद पहिल्याच तारखेला होईल.

पाटोद्याचा_पाटील (बीड)

रकाना ठेवला तर प्रमाणपत्र कोण देणार? तालुक्याच्या ठिकाणी वाहन परवान्यासाठी डोळे तपासल्याचे प्रमाणपत्र कसे मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे.

मनोवैद्य (छत्रपती संभाजीनगर)

पाटीलसाहेब, ही अडचण फक्त तालुक्याची नाही. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रम्प यांच्या खासगी डॉक्टरांनी पत्र दिले की निवडून आल्यास ते आजवरचे सर्वांत निरोगी अध्यक्ष ठरतील. २०१८ मध्ये त्याच डॉक्टरांनी सांगितले की ते सारे पत्र ट्रम्प यांनीच सांगून लिहून घेतले होते. खरेपणा आणि स्वास्थ्य एकाच कागदावर आले, आणि त्या कागदाने दोहोंविषयीही काही सांगितले नाही.

माझ्या मते रकान्यापेक्षा उमेदवाराला समोरासमोर बसवावे. लिहून आणलेले भाषण नको, कार्यकर्त्यांचा गराडा नको, समोर त्याच्याच मतदारसंघातील दोन तास प्रश्न विचारणारी माणसे असावीत. मागच्या वेळी काय सांगितले होते आणि त्याचे काय झाले, एवढेच विचारत राहावे. आकडे लक्षात आहेत का, राग आवरतो का, चूक कबूल करतो का, एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला देतो का, हे ऐकणाऱ्याला कळते. त्यासाठी मी लागत नाही.

छाननीचा_साक्षीदार (हिंगोली)

सूचना चांगली आहे, परंतु आचारसंहितेच्या काळात सभेची परवानगी घ्यावी लागेल, खर्च कोणाच्या खात्यात दाखवायचा हा प्रश्न येईल, आणि उमेदवार येतीलच याची हमी नाही. जो पुढे आहे तो कधीच येत नाही. त्यापेक्षा सोपे काम सुचवतो. शपथपत्रातील माहिती खोटी आहे असे ज्याला वाटते, तो कोणीही मतदार उलट शपथपत्र दाखल करू शकतो आणि तेही मूळ शपथपत्राप्रमाणेच प्रसिद्ध केले जाते. ही सोय असूनही माझ्या पाहण्यात ती वापरणारे फार थोडे आले.

जिंतूरची_शिक्षिका (परभणी)

उलट शपथपत्र देणाऱ्याने त्याच गावात राहायचे असते, सर.

बालाघाटचा_वारा (बीड)

म्हणूनच ते चुलतभावाकडे सोपवावे. तो तसेही वाचून बसलेला आहे.

वकील_नांदेडकर (नांदेड)

विनोद बाजूला ठेवून सांगतो, चुलतभावाची उलट शपथपत्रे मी पाहिली आहेत आणि त्यांत सातबारा, फेरफार, गट क्रमांक यांसह सर्व काही जोडलेले असते. ज्यांना आपल्या मतदारसंघातील जुनी शपथपत्रे पाहायची आहेत, त्यांना ती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतील. एकाच उमेदवाराची दोन निवडणुकांची शपथपत्रे शेजारी ठेवून वाचावीत. जन्मवर्ष आणि शिक्षणाचा रकाना आधी पाहावा.

पाटोद्याचा_पाटील (बीड)

पाहिली. आमच्या साहेबांचे वय पाच वर्षांत तीनच वर्षांनी वाढले आहे. यावरून खरेपणाचा प्रश्न विचारायचा की स्वास्थ्याचा, हे धागाकर्त्यांनी सांगावे.